लाल रेघ आणि भाड्याची ओळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. (वय तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका.) ‘कोडमधल्या चुका दाखवणारी ही लाल रेघ म्हणजे पोरांना दिलेल्या कुबड्या. आम्ही आधी कागदावर लिहायचो, डोळ्यांत तेल घालून तपासायचो,’ असं तुमचं म्हणणं. चार ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण एके ठिकाणी तुम्ही बरोबर नस पकडलीत, म्हणून हे लांबलं.

आधी कागदाचं. आमच्या देवगडच्या शनिवारच्या वर्गात एका मुलीचा पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतला तीन ओळींचा प्रोग्राम चालेना. नोट्सच्या वर्ड फाइलमधून तिने तो जसाच्या तसा चिकटवला होता. आम्ही दोघं स्पेलिंग तपासत बसलो. शेवटी खालचा संदेश नीट वाचला, तर अवतरणचिन्हाचं ते अक्षरच चालत नाही असं त्यात लिहिलेलं! वर्डने सरळ चिन्हं वळणदार करून ठेवली होती. कागदावर लिहिताना सरळ काय नि वळणदार काय, हाताला फरकच कळला नसता. तेल घालून डोळे किती ताणणार?

कंसाचंही तसंच. उघडा राहिलेला कंस जुन्या पायथॉनला नेमका सांगता यायचा नाही; चूक चौथ्या ओळीत आणि ओरडा पाचवीवर. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून तो सरळ सांगतो, की हा कंस बंदच केलेला नाही. पोरांना साडेपाचची एसटी गाठायची असते. एका कंसापायी त्यांचा अर्धा तास घालवणं मला परवडत नाही.

आणि कुबड्या म्हणाल, तर या साधनांचा मूळपुरुष ‘लिंट’. १९७८ साली बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी तो लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेली तुसं. जॉन्सन काही शिकाऊ नव्हते, भाषेचं व्याकरण दिलं की ती वाचणारा प्रोग्राम तयार करून देणारं ‘याक’ (Yacc) हे साधनही त्यांचंच. चांगला हात बसलेल्या माणसांच्या कोडलाही तुसं चिकटतात.

आता कुबड्यांचा तुमचा मुद्दा, जिथे तुमचं बरोबर आहे. एका मुलाने हापूसच्या पेट्यांचं बिल काढणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक छोटा तुकडा, लिहिला. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलला (किंमत साठवायच्या जागेला) मराठी नाव चालतं, म्हणून त्याने पेट्या, दर, भाडे अशी नावं दिली. चुका दाखवणारं साधन म्हणालं, ‘भाडे’ची किंमत काढलीय पण कुठेच वापरलेली नाही. पोरगा हुशार! त्याने ती ओळच खोडली. इशारा गेला, पडदा स्वच्छ, आणि ट्रकचं भाडं बिलात आलंच नाही. बेरजेत भाडं मिळवायचं राहिलंय, हे तो इशारा आडून सुचवत होता. पोराला मात्र फक्त इशाऱ्याची पिवळी रेघ (लाल रेघ चुकीची) घालवायची होती. तिथे माझं चुकलं. रेघ गेली की शाबासकी देण्याची सवय मीच लावली होती.

तेव्हापासून चूक आपोआप दुरुस्त करणारं बटण वर्गात बंद आहे. इशारा आला की आधी तो मराठीत मोठ्याने सांगायचा, मग कीबोर्डला हात. लाल रेघ मात्र राहणार.

कागदही अगदीच मोडीत काढत नाही. भाडं कुठे मिळवायचं हे त्या पोराला शेवटी कळलं ते वहीच्या मागच्या पानावर बिल मांडल्यावर. बाजार समितीत मांडतात तसं, हमालीसकट.