गाडी माझी, हट्ट कंपनीचा

शनिवारी साताऱ्यात राजवाड्यापाशी गोलबागेजवळच्या कट्ट्यावर बसलो तेव्हा माझं डोकं तापलेलंच होतं. दुपारी आईला दवाखान्यात नेलं होतं. तिचं वय ७८, गुडघ्यांनी बेजार. दवाखान्याच्या पायरीला गाडी लावली, मागं रिक्षांचे हॉर्न सुरू. आईनं दाराचं हँडल ओढलं, दार उघडेना. ही गाडी थोडा वेग घेतला की दारं आपोआप लॉक करते आणि थांबली तरी सोडत नाही. मी माझ्या बाजूचं अनलॉकचं बटण दाबलं, नेमकं त्याच क्षणी आईनं पुन्हा हँडल ओढलं. दोन्ही एकदम झालं की लॉक अडकतं. तिसऱ्या खेपेला दार उघडलं. उतरताना तिचा हात थरथरत होता.

"शोरूमला विचारलं मी," कट्ट्यावर सांगितलं. "म्हणाले, कंपनी सेटिंग आहे, बदलत नाही."

"बदलत नाही कसं?" दिल्या उसळला. त्याचं एमआयडीसीत गॅरेज आहे. "स्टेअरिंगखाली ओबीडीचा पोर्ट असतो, गाडीच्या संगणकाला जोडायची खाच. स्कॅनर लावला की बऱ्याच गाड्यांत दोन मिनिटांचं काम. फक्त मेनूत ते दिलेलं नसतं, म्हणून मालकाला दिसत नाही."

शिंदे सर शांतपणे म्हणाले, "पण लॉक आपोआप लागतं ते बरंच आहे. मागच्या सीटवर पोरं असतात."

सरांचं खरंच आहे. माझा राग लॉक लागण्यावर नाही. माझ्या घरात कोण आहे, हे मला माहीत आहे, कंपनीला नाही. पोरं असतील तर लॉक ठेवीन, म्हातारं माणूस असेल तर थांबल्यावर आपोआप सुटेल असं करीन. गाडीचे सगळे पैसे मोजलेत, तर एवढं ठरवायचा हक्क मला हवा. त्यासाठी दिल्याच्या दारात का जायचं? आणि उद्या वॉरंटीचा प्रश्न आला तर बाहेर स्कॅनर लावला म्हणून कंपनी हात वर करणार नाही, याची हमी दिल्या तरी कुठून देणार?

तेवढ्यात संभानं विषय हायवेवर नेला. कोरेगावकडं त्याची शेती, महिन्यातून चारदा पुण्याला चक्कर. "आरं, ते ऐंशीच्या वर गेलं की टुंग टुंग करतं त्याचं काय? खंबाटकी उतरलं की पुण्यापतुर डोकं उठतं."

सरांनी ते समजावलं. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक मोटारीत ते बंधनकारक आहे. ८० च्या वर मिनिटाला दोनदा, १२० च्या वर सलग. त्याच नियमात ड्रायव्हरची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटना पट्ट्याची आठवण, मागचे पार्किंग सेन्सर आणि वीज गेली तरी सेंट्रल लॉक हातानं उघडता यावं ही सोय आली. म्हणजे हा आवाज कायद्याचा, कंपनीचा नाही.

"पण केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत चौपदरी रस्त्याला मोटारीची मर्यादा १०० ठरवली होती," मी म्हणालो. "राज्यं ती कमी करू शकतात, खरं. पण जिथं बोर्डावर १०० लिहिलंय तिथंही ८० ला आवाज येतो. मग माणूस तो आवाज मनावर घेणं सोडतो, आणि खरंच जपायचं असतं तेव्हाही त्याच्या कानात काही शिरत नाही."

यावर सर काही बोलले नाहीत. बंटी मात्र बोलला. त्यानं दिवाळीला नवी एसयूव्ही घेतली आहे. "तुमचं रडगाणं कशाला? पटत नसेल ते बंद करायचं. माझं स्टार्ट-स्टॉप मी रोज बंद करतो, एक बटण."

"रोज," मी म्हणालो. "हेच तर दुखणं आहे."

माझ्या गाडीतही ते आहे. पोवई नाक्यावर गर्दीत थांबायचं, गियर काढून क्लच सोडला की इंजिन बंद. एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, नुसता पंख्याचा वारा. क्लच दाबला की पुन्हा सुरू. लांब सिग्नलला त्यानं पेट्रोल वाचतं, हे मी नाकारत नाही. पण दोन मिनिटांत सहा वेळा गाडी हलणार-थांबणार असेल तर मला ते नको असतं. बटण दाबतो. संध्याकाळी गाडी सुरू केली की ते परत चालू! दोन वर्षं झाली, त्या गाडीला माझं म्हणणं एक दिवसही लक्षात राहिलेलं नाही.

कारण सरांनी सांगितलं, आणि मला ते पटलं म्हणून जास्तच राग आला. मायलेज आणि कार्बन मोजतात ते प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या चक्रानं. त्या चक्रात गाडी मधेमधे उभीही असते. तिथं इंजिन बंद पडलं की आकडा सुधारतो. चाचणी कारखान्यातून निघालेल्या सेटिंगवर होते, म्हणून ते सेटिंग कायमचं बंद करायची सोय मालकाला द्यायला कंपनी नाखूश. शिवाय २०१७-१८ पासून कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून कार्बनची सरासरी सरकार बघतं, २०२२-२३ पासून ती मर्यादा किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आसपास आली. कागदावरचा ग्रॅम ग्रॅम कंपनीला मोलाचा.

"आणि बॅटरी?" दिल्या म्हणाला. "साधी चालत नाही त्याला. सारखं सारखं इंजिन सुरू करणं सोसणारी, ईएफबी नाहीतर एजीएम जातीची लागते, आणि महाग पडते. गिऱ्हाईक म्हणतं, मी तर ते वापरतच नाही, बंदच करतो. मी काय सांगू त्याला?"

मग बंटीच्या गाडीपाशी गेलो. त्यानंच काढलं, की आदल्या आठवड्यात यवतेश्वरच्या घाटात धुकं आणि पाऊस एकदम आला, काच आतून धुरकटली आणि वारा काचेवर घ्यायला त्याला गाडी कडेला लावावी लागली. "दाखव," म्हटलं. गाडी सुरू केली. आधी पडद्यावर इशारा, त्याला 'सहमत' म्हणायचं. मग एसीचं चित्र, मग वाऱ्याची दिशा. मी चहाच्या ओल्या बोटानं करून बघितलं, दोनदा स्पर्श लागलाच नाही. चार ठिकाणी नजर न्यावी लागली. माझ्या जुन्या गाडीत ते गोल बटण होतं, अंधारात हाताला सापडायचं. घाटात एका बाजूला दरी असताना नजर पडद्यावर ठेवायची? हे ज्यानं ठरवलं त्यानं पावसाळ्यातला यवतेश्वर पाहिलेला नाही. बंटीनं एक चांगली बातमी सांगितली: युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपनं २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांना खरी बटणं असतील तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलंय. काचेवरच्या वाऱ्याचं नाव त्यात नाही, पण सुरुवात तरी झाली.

परत कट्ट्याकडं येताना संभाच्या गाडीत डोकावलो. पट्टा न लावताही आवाज येऊ नये म्हणून पट्ट्याच्या खाचेत नुसती धातूची क्लिप खोचलेली. ड्रायव्हरच्या बाजूलाही.

मी तिथंच थांबलो. "संभा, हे काढ."

"शेजारच्या सीटवर घेवड्याचं पोतं ठेवलं तरी बोंबलतं ते! माणूस आणि पोतं कळत न्हाई त्याला. तूच म्हणतोस न्हवं, मालकाचं ऐकावं?"

त्यानं मला माझ्याच शब्दांत धरलं होतं. पण हे दोन्ही एक नाही, आणि ते मी त्याला मोठ्या आवाजात सांगितलं. स्टार्ट-स्टॉप बंद केलं तर चार थेंब पेट्रोल जाईल. पट्टा नसला तर एअरबॅग काय करणार? ती पट्ट्याला पूरक म्हणूनच बनवलेली असते. पट्ट्यानं न धरलेलं अंग पुढं फेकलं जातं, आणि तिकडून ती फुगत येते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर पट्ट्याविना होते. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन दुकानांना याच क्लिपा विकायला मनाई केली, तेरा हजारांवर जाहिराती उतरवल्या गेल्या. "पोतं मागं ठेव. नाहीतर पोत्याला पट्टा लाव," मी म्हणालो. "आणि तुझ्या बाजूला कुठलं पोतं आहे?"

संभा गप्प झाला. शेजारच्या सीटची क्लिप त्यानं उपसली आणि खिशात टाकली. दुसरीला हात लावला नाही. "बघतो," म्हणाला.

दिल्यानं मला रविवारी सकाळी गाडी घेऊन ये म्हणून सांगितलं, आईच्या दाराचं बघू. संभा निघाला. मोती तळ्याच्या वळणाला त्याची गाडी हळू झाली, तेव्हा इथपर्यंत पट्ट्याचा आवाज ऐकू आला, पाच-सहा वेळा, मग थांबला. पट्टा लावला की क्लिप परत खोचली, ते लांबून दिसलं नाही.