जसराजांचा लघुग्रह खरा, वरची फोडणी खोटी

सवाई गंधर्व महोत्सव जवळ आला की पुण्यातल्या गाण्याच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास उगवतो. "नासाने नवा ग्रह शोधून त्याला पंडित जसराजांचे नाव दिले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. ग्रहाचा क्रमांक ३००१२८, म्हणजे पंडितजींची जन्मतारीख उलटी! हा योगायोग नव्हे, नादब्रह्माचा संकेत." खाली हात जोडलेल्यांची रांग.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात पंडितजींच्या नावाचा लघुग्रह आहे, हे शंभर टक्के खरं. आता बाकीचं बघू.

"नवा ग्रह." तो टिपला अ‍ॅरिझोनातल्या कॅटालिना या आकाश-सर्वेक्षणाने, ११ नोव्हेंबर २००६ रोजी. तेव्हाचं तात्पुरतं नाव २००६ व्हीपी३२. यातला व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, आणि पी३२ म्हणजे त्या पंधरवड्याच्या नोंदीतला ८१५ वा. एका पंधरवड्यात आठशेच्या वर! त्यांना ग्रह म्हणायचं तर शाळेतल्या पोरांनी पाठ किती करायचे? आणि तो शोधायला गच्चीवर दुर्बीण लावू नका. हौशी निरीक्षकांच्या छोट्या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेरचा, इतका तो अंधुक आहे.

"नासाने नाव दिले." नाही. नावं मंजूर करते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना. हे नाव झालं २३ सप्टेंबर २०१९ ला. सर्वेक्षण अ‍ॅरिझोना विद्यापीठाचं, त्याला पैसा नासाचा. संबंध तेवढाच.

"पहिले भारतीय." बातम्यांत होतं 'पहिले भारतीय संगीतकार', फॉरवर्ड होता होता 'संगीतकार' गळला. रामानुजन यांच्या नावाचा ४१३० तर १९८८ मध्ये तमिळनाडूतल्या कावलूरहून सापडलेला. विश्वनाथन आनंदचा ४५३८ त्याच वर्षी जपानमधून सापडला आणि २०१५ पर्यंत बिननावाचा फिरत राहिला.

आता सगळ्यांना भुरळ घालणारा तो क्रमांक. कक्षा पक्की ठरली की लघुग्रहाला ओळीतला पुढचा आकडा मिळतो, तारखा बघून नाही. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३०. वर्ष, महिना, दिवस असं मांडलं की ३००१२८. पण हे आकडे आज सात लाखांच्या पुढे गेलेत. म्हणजे १९०० ते १९६९ मध्ये जन्मलेल्या कुणाचीही तारीख अशी मांडा, त्या क्रमांकाचा एक दगड वर आहेच. १५ ऑगस्ट १९४७ ला जन्मलेल्या आजोबांचा ४७०८१५. त्यातल्या बहुतेकांना अजून नावच नाही, त्यामुळे निवडायला भरपूर वाव. पंडितजींसाठी हाच आकडा कुणी हेरून सुचवला असेल तर मला त्यात रसिकता दिसते, आणि ती नादब्रह्माच्या खात्यावर जमा करणं मला पटत नाही.

हल्ली या मेसेजला एक शेपूटही असतं: "तुमच्या मुलाच्या नावानेही ग्रह, अमुक रुपये भरा." ही नावं विकत मिळत नाहीत. सुचवण्याचा पहिला हक्क शोधणाऱ्याचा, क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षं. नाव सोळा अक्षरचिन्हांत बसावं लागतं, जाहिरातबाजी चालत नाही, आणि राजकारणामुळे प्रसिद्ध झालेल्यांना मृत्यूनंतर शंभर वर्षं थांबावं लागतं. चौकाचौकांतल्या फ्लेक्सवाल्यांनी नोंद घ्यावी.