‘धाडस पुरेसं आहे, कमांडचं प्रशिक्षण कशाला?’ या संदेशाला उत्तर

सध्या ग्रुपाग्रुपांतून एक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: मोठ्या हल्ल्यात माणसं वाचतात ती धाडसामुळे, ‘इन्सिडेंट कमांड’चं (मोठ्या दुर्घटनेत सगळ्या यंत्रणांनी एका सूत्राखाली काम करण्याच्या पद्धतीचं) प्रशिक्षण म्हणजे तक्ते, रंगीत जॅकेटं आणि प्रमाणपत्रं. तुकाराम ओंबळेंनी कुठला कोर्स केला होता? विषारी वायूचा हल्ला झालाच तर माणसं जागीच मरणार, तिथे हुकूम कोण कुणाला देणार? तो पैसा मास्क आणि संरक्षक सूटवर घाला. आणि ही पद्धत तर अमेरिकेची, आपल्या जिल्ह्यात ती कशी चालेल?

ओंबळेंचं नाव आलं की वाद घालायला मन धजत नाही. म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करतो. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या एके-47 ची नळी हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्या धाडसाला तोड नाही. पण कसाब त्यांच्यासमोर आला कसा? कामा रुग्णालयाजवळून दोघे दहशतवादी पोलिसांचीच गाडी घेऊन निघाले होते. तिच्या मागच्या भागात जखमी होऊन पडलेल्या पोलीस अरुण जाधवांनी संधी मिळताच वायरलेसवरून कळवलं. पुढे त्या दोघांनी पळवलेल्या स्कोडाची माहिती नियंत्रण कक्षाने प्रसारित केली. चौपाटीवरच्या नाकाबंदीला ती गाडी ओळखता आली ती त्यामुळे. एका माणसाचं धाडस योग्य जागी, योग्य क्षणी उभं राहिलं, कारण त्यामागे निरोप, नियंत्रण कक्ष आणि नाकाबंदी ही साखळी शाबूत होती.

आणि त्याच रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तिघे एकाच गाडीत असताना मारले गेले. त्यांच्या धाडसात काय कमी होतं? नंतर हल्ल्याच्या वेळच्या पोलिसांच्या कामाची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने जे मांडलं त्यात ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, हा ठळक मुद्दा होता. हे वाचूनही ‘धाडस पुरेसं’ म्हणणं हा त्या तिघांवर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

‘वायुहल्ल्यात माणसं जागीच मरतात’ हे विधान तर सरळ चुकीचं आहे, आणि सर्वांत घातकही, कारण ते ऐकून तयारीच सोडून दिली जाते. 20 मार्च 1995 ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम् शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी पाच गाड्यांमध्ये पिशव्या फोडून सरीन हे मज्जासंस्थेवर घाला घालणारं विषारी रसायन सोडलं. पाच हजारांहून अधिक लोक रुग्णालयांत पोहोचले. मृत्यू झाले 14, त्यांतला शेवटचा तब्बल 25 वर्षांनी, 2020 मध्ये. म्हणजे प्रश्न होता तो हजारो जिवंत माणसांचा, आणि तिथेच व्यवस्थेचा कस लागला. मारुनोउची मार्गावरची एक गाडी पिशव्या फुटल्यानंतर दीड तासाहून अधिक काळ धावत राहिली, कारण ती थांबवण्याचा निर्णय कुणी वेळेत घेतला नाही. कासुमिगासेकी स्थानकात सांडलेलं द्रव उचलायला गेलेले दोन रेल्वे कर्मचारी दगावले. सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या एका दिवशी 640 रुग्ण आले. पहिली बातमी स्फोटाची होती, त्यामुळे डॉक्टरांची तयारी भाजलेल्या माणसांसाठी. सुरुवातीच्या पाचशेच्या आसपास रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक चालत आले, साधारण चौथा हिस्सा टॅक्सीने, आणि रुग्णवाहिकेतून जेमतेम 7 टक्के. घटनास्थळी कुणाच्याही अंगावरचं रसायन काढून टाकलं न जाता ते थेट आत आले. कपड्यांतून निघणाऱ्या वाफेने, विशेषतः हवा न खेळणाऱ्या प्रार्थनागृहात, उपचार करणाऱ्यांनाच त्रास झाला. पुढे विचारपूस केली तेव्हा तिथल्या 23 टक्के कर्मचाऱ्यांनी लक्षणं असल्याचं सांगितलं.

मास्क विकत घेऊन यातलं काय सुटलं असतं? हल्ला रासायनिक आहे असा संशय मोठ्याने बोलून दाखवण्याचा अधिकार कुणाला, गाड्या कोण थांबवणार, रुग्णालयांना एकच निरोप कोण देणार, दाराबाहेर कपडे उतरवून घेण्याची जागा कुठे आणि तिथे कोण उभं राहणार, हे आधी ठरलेलं असावं लागतं. नुसते कपडे उतरवले तरी अंगावरचं बरंचसं रसायन जातं. त्याला महागडा सूट लागत नाही. आधी सराव केलेली, आज्ञा मानणारी माणसं लागतात. सूट हवेतच. पण तो घालून मे महिन्याच्या उकाड्यात माणूस किती वेळ टिकेल आणि त्याला परत कधी बोलवायचं, हे पाहायला सेफ्टी ऑफिसर लागतो, आणि तो कमांडच्या रचनेतूनच येतो.

आता ‘अमेरिकेची पद्धत’. ती जन्मली 1970 च्या कॅलिफोर्नियातल्या वणव्यांनंतर, जेव्हा अनेक अग्निशमन दलं एकमेकांच्या शेजारी काम करत होती आणि त्यांच्यात मेळ नव्हता. ही अडचण कुठल्या देशात नाही? आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये तिला भारतीय प्रशासनाच्या चौकटीत बसवून ‘इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टीम’ची मार्गदर्शक तत्त्वं काढली, जिल्ह्यात जबाबदार अधिकारी म्हणून जिल्हाधिकारीच असतात. 11 सप्टेंबर 2001 ला खुद्द अमेरिकेत काय झालं तेही पाहा. दहशतवादी हल्ला झालेल्या पेंटॅगॉनवर, म्हणजे संरक्षण मुख्यालयावर, ही पद्धत वापरली गेली आणि अनेक यंत्रणा एका सूत्रात चालल्या. न्यूयॉर्कमध्ये पोलीस आणि अग्निशमन दल यांची कमांड वेगवेगळी राहिली आणि पोलीस हेलिकॉप्टरमधून दिलेले इशारे वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यातल्या जवानांच्या प्रमुखांपर्यंत पोहोचले नाहीत. अग्निशमन दलाचे 343 जण त्या दिवशी गेले.

संदेशातली एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे: कित्येक मॉक ड्रिल आधीच जाहीर होतात, दहा वाजता सायरन, अकराला फोटो, बाराला चहा. त्यावर उपाय सराव बंद करणं हा नव्हे. पुण्याजवळ सुदुंबरे इथे एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) पाचवी बटालियन आहे, पण तिची गाडी घटनास्थळी पोहोचेपर्यंतचा वेळ स्थानिकांनाच सांभाळायचा असतो. म्हणून सरावात स्टेशन मास्तर, एसटी आगाराचा नियंत्रक आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या दारावरचा सुरक्षारक्षक हवेत. तारीख त्यांना आधी कळता कामा नये, आणि साहेब रजेवर असताना सूत्रं कुणाकडे जातात हेही त्यात तपासलं जावं.