तळं मिशिगनचं, ताप धुळ्याला

विज्ञानाचा मास्तर निवृत्त झाला की शाळा सुटते, शंका सुटत नाहीत. धुळ्यातल्या आमच्या गल्लीत कुणाच्या बोअरचं पाणी मचूळ का लागतं, कपाशीवर ठिपके कसले पडले, ग्रहणात पापड लाटले तर चालतील का, सगळं माझ्या ओट्यावर येतं. त्यात ऑगस्टमध्ये मिशिगनहून मुलीने व्हिडिओ पाठवला. बाईसाहेब तळ्यात पोहतायत आणि आजूबाजूला रुपयाएवढ्या पारदर्शक चकत्या उघडझाप करत वर चढतायत, मग अलगद खाली उतरतायत. सोबत एकच ओळ : ‘पप्पा, गोड्या पाण्यात जेलीफिश!’

हिने तो व्हिडिओ भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला आणि माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

पहिला फोन काकूंचा. “आंडेरले (पोरीला) चावनं ते नही ना?” म्हटलं, नाही. कडेला चारशेपर्यंत सोंडा असतात, त्यांत डंखही असतो, पण तो पाण्यातल्या बारीक जीवांपुरता. माणसाच्या कातडीत सहसा शिरत नाही. “मंग खातस का त्याले?” खायचं काय त्यात? 99 टक्के पाणीच. यावर काकू बराच वेळ गप्प. नळाची वाट बघत हंडे मांडून बसणाऱ्या बाईला 99 टक्के पाणी कुठेतरी नुसतं पोहत फिरतंय, हे पचणं अवघडच.

मग शेजारचे भाऊसाहेब आले. यांना अर्धं उत्तर चालत नाही. “गेल्या वर्षी पोरगी तिथंच पोहत होती ना? तेव्हा कुठे गेले होते हे?” प्रश्न रास्त होता, म्हणून जास्त त्रासदायक. हा प्राणी बराच काळ चकतीच्या रूपात नसतोच. जेमतेम मिलिमीटरभराचा, सोंडा नसलेला पॉलिप, म्हणजे बारीक नळीसारखा जीव, होऊन तो दगडाला, शेवाळाला चिकटून राहतो. थंडी पडली की आकसून टणक कवचात जातो. तिथलं तळं वर गोठलं तरी याला फिकीर नाही. उन्हाळ्याअखेर पाणी 25 अंशांच्या आसपास तापलं, खायला भरपूर मिळालं, की त्याला कळ्या फुटतात आणि त्याच सुटून पोहू लागतात. नाही जमलं, तर वर्षानुवर्षं दर्शन नाही.

“किती म्हणालात? पंचवीस?” भाऊसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मे महिन्यात 44 अंशांत ओला पंचा डोक्यावर घेऊन बसणारा माणूस तो. 25 अंशांना आमच्याकडे पोरांना कानटोप्या घालतात. त्या तापमानाला कुणी तापलेलं म्हणतं, हे त्यांनी मिशिगनच्या खात्यावर कायमचं वजा मांडलं.

मूळ गाव चीनमधल्या यांगत्से नदीचं खोरं, हेही सांगून टाकलं. 1880 साली लंडनच्या रीजंट्स पार्कात, मोठ्या कमळांच्या हौदात तो सापडला आणि शास्त्रज्ञांनी त्याचं बारसं केलं. पाणवनस्पती, मत्स्यबीज यांच्यासोबत फुकट प्रवास करत तो जगभर पोचला. एकेका तळ्यात मात्र बहुतेकदा सगळे नरच, नाहीतर सगळ्या माद्याच. हे ऐकून काकू पुन्हा लाइनवर. “त्या तळानी बी आपला गावनीच गत शे मंग!” गावाकडे त्यांचे तीन पुतणे पस्तिशी ओलांडून बायोडाटा धरून बसलेत. त्यामुळे मी हसू आवरलं.

इथवर निभावलं होतं. पण मास्तरकी गप्प बसू देत नाही. मी म्हणालो, “अहो, अशी जेलीफिश महाराष्ट्रातही आहे! जात वेगळी, पण गोड्या पाण्यातलीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शं. पु. आघारकरांना सह्याद्रीत सापडली. पुण्याची संस्था ज्यांच्या नावाची, तेच. कोयनेच्या खोऱ्यात, सातारा जिल्ह्यात.”

ओट्यावर शांतता पसरली. एव्हाना चार-पाच माणसं जमली होती.

“साताऱ्यात?” भाऊसाहेब उठून उभे राहिले. “धरणं तिकडे, साखर कारखाने तिकडे, आता हेही तिकडेच! आणि आपल्या तापीत काय, वाळू?”

“नकाणे तलावात कुणी बघितलंय का?” मी चाचरत विचारलं.

“बघायचं कशाला? सरळ मागायचं. खान्देशाचा अनुशेष म्हणून!”

आमदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा सध्या माझ्याकडे आहे. गल्लीत अक्षर माझंच बरं.