कोन बॉल हिसकावून घेत नाही

आज संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर जे पाहिलं, त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नऊ-दहा वर्षांचा मुलगा. त्याच्या एकट्यासाठी एक कोच, एका रांगेत बारा कोन, म्हणजे प्लास्टिकचे शंकू, पुढे लॅडर, म्हणजे जमिनीवर अंथरलेली चौकटींची शिडी. तासभर पोरगं कोनांमधून बॉल नेत होतं, अगदी सफाईने, आणि बाबा मोबाइलवर शूट करत होते. तास संपल्यावर तो शेजारी चालू असलेल्या चार-चारच्या खेळात उतरला. पास पायाशी आला, मान खाली, समोरच्याने बॉल नेला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेनंतर त्याने पास मागणंच सोडलं.

अहो, कोन पाय घालत नाही! या खेळातलं निम्मं काम बॉल पायाशी यायच्या आधी होतं. मागे कोण आहे, मोकळी जागा कुठे, पहिला टच कोणत्या बाजूला. बॉल वाटेत असतानाच खांद्यावरून एकदा मागे बघून घ्यायचं असतं. एकट्याच्या तासात मागे कुणी नसतंच, मग मान वळणार कशाला? आणि लॅडरवर पाय भराभर पडतात, पण ठरलेल्या चौकटीत. सामन्यात पाय कधी टाकायचा हे समोरचा ठरवतो.

हो, गोलकीपरचं वेगळं आहे, त्याला टीमच्या सरावात नुसते शॉट मारले जातात आणि पडायचं कसं ते कुणी शिकवत नाही, तिथे वेगळा कोच लावा. एखादी नेमकी चूक मोडायची असेल तरीही लावा, पण आधी विचारा, 'तुम्ही याचा सामना पाहिलाय का?' पाहिला नसेल तर दुरुस्त काय करणार आहात? असा कोच लावलात तर सहा-आठ तास, एकच विषय, आणि निम्मा वेळ मुलांचा आपसात एकास एक किंवा दोनास एक असा खेळ. त्यासाठी दोन-तीन मुलं एकत्र घ्यावी लागतात. म्हणजे खर्चही वाटला जातो.

आणखी एक. त्या मुलाच्या पायाशी पाच नंबरचा बॉल होता! आठ वर्षांपर्यंत तीन, मग बारापर्यंत चार, त्यानंतर पाच. मोठा, जड बॉल आतल्या बाजूने ढकलला जात नाही, म्हणून मूल अंगठ्याने मारायला लागतं, आणि ती सवय सुटता सुटत नाही. शेवटी तो टाच उचलून चालत होता, ते बघून तर फारच राग आला. या वयात टाचेच्या हाडाची वाढ चालू असते, ताण वाढला की तिथेच दुखायला लागतं. शाळा, टीम, सामना, वर हा तास, सगळं मिळून आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याच्या आतच हवेत. दुखत असेल तर तास बंद, 'थोडं सहन कर' नाही.

पाससाठी भिंत पुरते. तीन-चार मीटरवर उभं राहायचं. टेकलेला पाय बॉलच्या बाजूला, वीतभर अंतरावर, बोटं भिंतीकडे, मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट. बॉल वर उडतोय? टेकलेला पाय मागे राहतोय आणि अंग मागे झुकतंय. बॉल बाजूला जातोय? बोटं कुठे वळलीत बघा. आधी कच्च्या पायाने पन्नास, मग पक्क्या पायाने पन्नास. दमल्यावर कच्चा पाय नीट शिकत नाही.

त्या बाबांचं प्रेम खोटं नाही. रोज मुलाबरोबर मैदानावर येऊन उभं राहणं सोपं नसतं. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की उद्या मोबाइल खिशात ठेवा आणि त्याच्या मागे पाच पावलांवर उभे राहा. बॉल भिंतीवरून परत येत असताना बोटं वर करा, दोन, चार, एक. त्याने मागे वळून आकडा ओरडायचा आणि मगच बॉल घ्यायचा. पहिले दोन दिवस बॉल पायाखालून जाईल. जाऊ द्या, थांबवू नका.