काळी पाच आणि इंग्लिश गाणं

पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात म्हणजे जन्मभराचा हमाल. हरकती, मुरक्या, वाहवा सगळं उजव्याच्या वाट्याला. डाव्यानं भाता मारायचा आणि गप्प बसायचं. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या भजनी मंडळात माझ्या डाव्या हातानं या वाटणीबद्दल कधी तक्रार केली नव्हती. मग भाच्याच्या बँडमधला कीबोर्डवाला नोकरी लागून बेंगळुरूला गेला.

"मामा, तुमीच वाजवा की. काळ्यापांढऱ्या पट्ट्या त्याच हायत न्हवं?"

गाणं कुठलं, तर क्वीन या इंग्लंडच्या रॉक बँडचं 'बोहेमियन रॅप्सडी'. वाजवायचं कुठं, तर गल्लीच्या गणपतीपुढं. मी म्हटलं, अरे, त्यापेक्षा एखादा अभंग गिटारवर घ्या. त्यावर भाच्यानं ठेवणीतला मुद्दा बाहेर काढला. हे गाणं रचणारा फ्रेडी मर्क्युरी लहानपणी पंचगणीच्या बोर्डिंग शाळेत होता, पियानो तिथंच वाजवायचा, शाळकरी पोरांचा पहिला बँडही तिथलाच. म्हणजे गाणं जवळजवळ सातारा जिल्ह्याचं! मंडळाच्या बैठकीत या एका मुद्द्यावर ठराव पास झाला. जन्म झांझिबारचा, आईवडील पारशी, आडनाव बलसारा, हा पुढचा तपशील कुणी ऐकूनच घेतला नाही. कोण आपला आणि कोण त्यांचा या भांडणात आमच्या गावाची हयात गेली. एखादा आयता आपला निघत असेल तर नको कशाला म्हणा? आमचे बुवा तेवढे फणकारले, "पंचगणीचं कवतिक आमाला सांगू नको. कुमार गंधर्व हितल्या सुळेभावीत जन्मले."

गाणं बी फ्लॅटमध्ये आहे असं पोरांनी सांगितलं. म्हणजे पेटीवरची आमची काळी पाच, पाचवी काळी पट्टी. इथवर ठीक होतं. पण पियानोत डाव्या हातालाही सूर असतात, आणि या गाण्यात तर तो मध्येच उजव्या हातावरून पलीकडे जाऊन वरच्या पट्टीत दोन सूर टिपून परत येतो. माझा डावा हात पलीकडे जायचा, पण तिथं पोचला की जुन्या सवयीनं हवेतच भाता मारायचा. पोरं हसायची. शिवाय मांडी घालून बसायची सोय नाही. स्टुलावर बसायचं आणि उजव्या पायानं पेडल दाबायचं. पेटीचा सूर भात्यात हवा आहे तोवर माझा असतो. पियानोचा सूर पट्टी दाबल्या क्षणापासून विझायला लागतो. तो धरून ठेवायला पेडल, आणि ते वेळेवर सोडलं नाही तर मागचे पुढचे सगळे सूर एकमेकांत कालवले जातात. टाळमृदंगाच्या गजरात हे खपून गेलं असतं. इथं भाचा कान देऊन ऐकत उभा.

तालीम आमच्या माडीवर. खाली पावसाची झड आणि शेजारी यंत्रमाग. ड्रमवाल्या पोरानं त्या मागाच्या खटखटीवरच लय पकडली. ॲपमधल्या मेट्रोनोमपेक्षा ती पक्की, असं त्याचं म्हणणं, आणि खरंच होतं ते. फक्त धागा तुटून माग थांबला की आमचं गाणंही तिथंच थांबायचं. मग खिडकीतून हाक मारून विचारायचं, "काका, काय करूलालाय? लावा की लवकर!" काका कानडी, सोशीक माणूस. गाठ मारून माग लावायचे आणि आम्ही पुढं सरकायचो.

खरी गोची मधल्या ऑपेराच्या तुकड्यात. १९७५ साली क्वीनच्या तिघांनी मिळून तो रेकॉर्ड केला. आवाजावर आवाज असे सुमारे १८० थर चढवले. टेप इतक्या वेळा फिरली की ती पार झिजून आरपार दिसायला लागली म्हणतात. आमच्याकडे थर चढवायला गळे कुठले? भाच्यानं भजनी मंडळाचे टाळकरी बोलावले. त्यांनी सूर झकास लावला, इंग्रजीही जमेल तसं मारून नेलं, पण ओळ संपली की पाचही जण एकदम "विठ्ठल, विठ्ठल" म्हणायचे. समजावून सांगितलं की पुढच्या ओळीला जास्तच जोरात म्हणायचे.

शेवटी भाच्यानंच शोध लावला. खुद्द क्वीनवालेही तो तुकडा स्टेजवर गात नव्हते! टेप लावायचे, दिवे फिरवायचे, स्वतः विंगेत जायचे आणि दणदणीत गिटारचा भाग आला की परत यायचे. हे ऐकून मला त्या लोकांबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

कार्यक्रमाच्या दिवशी सुरुवात बरी झाली. डावा हात पलीकडे गेला, दोन सूर टिपून भाता न मारता परत आला. बायकोनं खालून मान डोलावली. मग टेप सुरू झाली, दिवे मंदावले आणि ठरल्याप्रमाणे आम्ही सगळे मंडपाच्या मागं गेलो.

निवेदकाला यातलं काहीच माहीत नव्हतं. स्टेज रिकामं दिसताच त्यानं माईक धरला. "धन्यवाद, धन्यवाद! केए बावीसची पांढरी कार गल्लीच्या तोंडाला लागलेली आहे, कृपया काढून घ्यावी." मागं ऑपेरा टिपेला. "पाचशे एक रुपये देणगी..." बायकांच्या रांगेतून कुणीतरी चिठ्ठी पाठवली, तीही वाचली गेली: लहान मुलाची डाव्या पायाची चप्पल सापडली आहे. गिटारवाला धावत स्टेजवर चढला तेव्हा देणगीदारांची यादी अर्धीच झाली होती. निवेदकानं ती गिटारवर आवाज चढवून पुरी केली.

ड्रमवाल्याला माग ऐकू येईना, त्यामुळं लय सुटून तो पळत सुटला आणि त्याच्यामागं आम्ही. ५ मिनिटं ५५ सेकंदांचं गाणं आम्ही बऱ्याच आधी संपवत आणलं. शेवटी पियानो हळुवार होतो आणि गाँगचा एक ठोका पडतो. आमच्याकडं गाँग कुठला? देवळातली पितळी थाळी आणली होती. तिच्यावर ठोका पडला मात्र, सगळा मंडप हात जोडून उभा राहिला, टाळ्या सुरू झाल्या आणि आरतीही. पट्टी कुणाची, तर पब्लिकची. मी मुकाट्यानं तिच्यामागं वाजवत गेलो. टाळकऱ्यांना आता अडवणारं कुणी नव्हतं.

आरती संपल्यावर मागवाले काका प्रसादाचा द्रोण घेऊन स्टेजपाशी आले. "भाळ छलो आतरी," फार छान झालं, असं कानडीत म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला. मग माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "ते तुमचं रोजचं इंग्लिश गाणं कवा हाय?"