नेटवर्क टॅब मी उघडला होता

महोदय,

पान उघडल्यानंतर मागाहून भरली जाणारी माहिती सेलेनियमने (प्रोग्राममधून ब्राउझर चालवणाऱ्या साधनाने) कशी उतरवून घ्यावी, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे: ‘यासाठी ब्राउझर चालवणे म्हणजे द्राविडी प्राणायाम आहे, जेसन थेट मागवता येते. लेखकाने नेटवर्क टॅब कधी उघडलेला दिसत नाही.’ (जेसन म्हणजे अशी माहिती ज्या मजकूर-स्वरूपात येते ते; नेटवर्क टॅब म्हणजे पान मागाहून काय काय मागवते ते दाखवणारा ब्राउझरमधला भाग.) पहिल्या वाक्यावर चर्चा होऊ शकते; दुसरे मात्र मला लागले. मतभेद नोंदवताना समोरच्याचे अज्ञान गृहीत धरण्याची काहीच गरज नव्हती.

एक चूक मान्य करतो. माझ्या कोडमध्ये पाच सेकंदांचा ठरावीक स्लीप, म्हणजे थांबा, होता. तेथे सेलेनियमचीच वेबड्रायव्हरवेट ही सोय लावून तक्त्याची पहिली ओळ दिसेपर्यंतच थांबायला हवे होते. ते आज दुरुस्त केले आहे.

आता नेटवर्क टॅबविषयी. माझे मामा सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचे अडते आहेत आणि लिलावापूर्वी इतर बाजारांतले दर त्यांच्या हाती असावेत, म्हणून २०१६ पासून मी हे काम करतो आहे. ज्या संकेतस्थळावरून दर घेतो, त्याच्या पेज सोर्समध्ये (पानाच्या मूळ कोडमध्ये) एक रिकामा डिव्ह, म्हणजे रिकामी चौकट, आणि दोन स्क्रिप्ट एवढेच सापडते. त्यामुळे फक्त हा मूळ कोड वाचणाऱ्या ब्यूटिफुल सूप या पायथन लायब्ररीच्या हाती काहीच लागत नाही. नेटवर्क टॅबमध्ये फेच-एक्सएचआरचा (पानाने मागाहून पाठवलेल्या रिक्वेस्टचा) फिल्टर लावल्यावर दरांचे जेसन मला पहिल्याच दिवशी दिसले होते. तीच रिक्वेस्ट कुकी आणि हेडरसह जशीच्या तशी पायथनमधून पाठवली, तेव्हा दर आले. चहा पिऊन परत येतो तो ४०३, म्हणजे सर्व्हरचा नकार. रिक्वेस्टसोबत ओळखीसाठी जाणारे टोकन (सांकेतिक अक्षरमाला) पानावरची स्क्रिप्ट तयार करत होती आणि काही मिनिटांत ते बाद होत होते. ती स्क्रिप्ट उलगडण्यात मी दोन रात्री घालवल्या आणि आठवडाभरात ती बदलली गेली. टोकन ब्राउझरलाच तयार करू द्यावे, हे मी त्यानंतर ठरवले. जेथे जेसन विनाअडथळा मिळते तेथे ते थेटच घ्यावे, असे लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिले आहे; तेथवर आपण पोहोचलाच नाहीत, असे आता मलाही म्हणता येईल.

प्लेराइट या सेलेनियमसारख्याच साधनाचा वेग आणि मेमरीचा वापर हे आपले मुद्दे दिवसातून एकदा, पहाटे पाचला चालणाऱ्या कामाला गौण आहेत. रोबोट्स फाइलविषयीचा (प्रोग्रामांनी कोणती पाने घेऊ नयेत हे सांगणाऱ्या संकेतस्थळाच्या फाइलीविषयीचा) आपला इशाराही येथे लागू नाही, कारण त्या फाइलीत हे पान वर्ज्य केलेले नाही.

त्या टोकनावर आपल्याकडे टिकणारा उपाय असेल तर कोडसह जरूर कळवावा, मी तो मामांच्या कामासाठी वापरून पाहीन. नसेल, तर ते दुसरे वाक्य आपण मागे घ्यावे.